पोटाने मध्येच बोलू नये

तीर्थरूप मामांना भाच्याचा भरल्या पोटी साष्टांग नमस्कार. (भरल्या पोटी साष्टांग घालणं जमत नाही, तेव्हा उभ्याउभ्याच घातला असं समजावं.) तुमचा गुडघा, मामींचा चष्मा आणि गच्चीतलं लिंबाचं झाड, सगळी मंडळी ठणठणीत असतील अशी आशा आहे. माझी प्रकृती उत्तम आहे आणि सध्या तीच अडचण आहे, पण ते ओघाने येईलच.

मी हल्ली कादंबऱ्या मोठ्याने वाचतो आणि त्यांचं ध्वनिमुद्रण होतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. (तुम्ही याला ‘बसून बडबड’ म्हणता, हे मामींकडून कळलं.) खोली कोंदट, भिंतींना जाड गाद्या ठोकलेल्या, समोर काच आणि काचेपलीकडे आमचे ध्वनिमुद्रक. त्यांना सगळे कानसेन म्हणतात, कारण मी पान उलटायचा नुसता विचार केला तरी त्यांना ऐकू येतो. अशा माणसासमोर मी आपल्या घराण्याचं पोट घेऊन बसतो. (भूक मला आईच्या, म्हणजे तुमच्याच बाजूने आली आहे.) सकाळी पांढरा ब्रेड, त्यावर जॅम, चहात बुडवून बिस्किटं, असा दणकून नाश्ता करून निघायचो आणि पहिलं प्रकरण संपायच्या आत पोटात कावळे ओरडायला लागायचे. नायिकेचे वडील अखेरचा श्वास घेतात, मी गळा दाटून ‘खोलीत भयाण शांतता पसरली’ असं वाचतो आणि नेमक्या त्या शांततेत माझं पोट सविस्तर निवेदन करतं. ते एक वाक्य आम्ही दिवसभर घेत होतो. संध्याकाळी कानसेनांनी थंडपणे सांगितलं, पोटाचं काहीतरी बघा, नाहीतर कादंबरीच्या दुसऱ्या भागाला दुसरा वाचक बघावा लागेल. मामा, आजवर मला जमलेलं हे एकमेव काम आहे. ऐकून पोटात गोळाच आला. (त्याचाही आवाज झाला.)

मामींना फोन केला. त्या म्हणाल्या, ब्रेड-बिस्किटं पोटात टिकत नाहीत, फायबर खा. कडधान्यं, भाज्या, सालासकट फळं, हे सगळं पोटात ठाण मांडून बसतं, मग सारखं खा-खा होत नाही. पुढेही त्या काही सांगत होत्या, पण मी तोवर बाजारात पोचलो होतो. पातेलंभर उकडलेले हरभरे, अख्खा कोबी, गाजरं, सफरचंदं आणि वर वाटीभर गव्हाचा कोंडा, असं महिन्याभराचं फायबर मी एका बैठकीत उरकलं. पाणी मुद्दामच प्यायलो नाही, पोटातली जागा अडायला नको म्हणून. दुसऱ्या दिवशी भूक लागली नाही हे खरं. पण आत जे चाललं होतं ते ऐकून कानसेन उठले आणि वरच्या मजल्यावर कपाटं कोण सरकवतंय ते बघायला गेले. वर दातांचा दवाखाना आहे. तिथल्या डॉक्टरीणबाईंना ते वाट्टेल ते बोलून आले. त्या बिचाऱ्या एकट्याच डबा खात बसल्या होत्या. मी खाली घाम पुसत होतो.

मग मामींनी मला फैलावर घेतलं. “अरे, थोडं थोडं वाढवायचं आणि वर भरपूर पाणी प्यायचं, हे काय मी भिंतीला सांगत होते?” तेव्हापासून शिस्तीत आहे. सकाळी ओट्स, सफरचंद, मूठभर बदाम. दुपारी मसूर, भाजी, उकडलेलं अंडं. घास नीट चावून, आणि पाणी. पोट इतकं गप्प झालं की मला करमेना. पहिला भाग निर्विघ्न पार पडला. कानसेनांनी बोलावून त्यातलं वादळाचं प्रकरण ऐकवलं. समुद्रावरून ढग गडगडत येतात, अंगावर काटा येतो. मी विचारलं, हे ढग कुठून आणलेत? ते म्हणाले, तुमच्याकडूनच. माझ्या पोटाने नासवलेले सगळे तुकडे त्या माणसाने जपून ठेवले होते.

आता दुसऱ्या भागात वादळंच वादळं आहेत आणि जुने ढग संपले आहेत. मी उपाशीपोटी मायक्रोफोनसमोर बसून पाहिलं, पोट ढिम्म हलत नाही. कानसेन म्हणतात, ढग आणा, नाहीतर ज्याचं पोट बोलतं असा वाचक आणतो. ज्या गुन्ह्यासाठी मला काढणार होते, तो बंद केला म्हणून आता काढणार आहेत.

मामींना नमस्कार, लिंबाच्या झाडाला आशीर्वाद.

तुमचा तृप्त आणि हवालदिल
भाचा

ता. क. मामा, माझ्या शाळेच्या बक्षीस समारंभात तुमच्या पोटाने प्रमुख पाहुण्यांचं भाषण दोनदा थांबवलं होतं, ते मी विसरलेलो नाही. तेव्हा लाज वाटली होती, आज अभिमान वाटतो. दोन दिवस इकडे या. काही बोलायचं नाही, नुसतं मायक्रोफोनसमोर बसायचं. मामींच्या राज्यात तुमचंही पोट हल्ली शांत असतं असं कळतं, म्हणून निघण्याआधी गुपचूप ब्रेड-जॅमवर राहा. मामींना यातलं अक्षर कळू देऊ नका.

आणखी एक ता. क. मामी, पाकीट आधी तुम्हीच उघडता हे मला माहीत आहे. मामांना ब्रेड-जॅम मुळीच देऊ नका. उलट निघायच्या आदल्या दिवशी हरभरे दुप्पट वाढा, वर कोंडा घाला आणि पाण्याचा तांब्या जरा लांब ठेवा. ढगांचं कानसेन कसंही भागवतील. दुसऱ्या भागाच्या शेवटी भूकंप आहे.