पुढीलदार कुठलं?

आई,

काल म्युनिसिपालटीचा माणूस घरावर नंबराची पट्टी ठोकायला आला. हातोडी घेऊन उभा, आणि विचारतो, "तुमचं पुढीलदार कुठलं?" मला तूच आठवलीस. म्हणून तुला लिहायला बसलो.

तू असतीस तर खाडीकडे बोट दाखवलं असतंस. खेडहून मचव्यानं आलीस आणि त्या दारात माप ओलांडलंस. तेव्हा सगळी आळीच पाण्याकडे तोंड करून होती. माल, पाहुणे, मुंबईची पत्रं, सगळं बंदरावरनं यायचं.

मग सडक झाली, ती घरांच्या पाठीमागून, तुझ्या भांडी घासायच्या जागेला खेटून. मोटारी धावू लागल्या तशी एकेका घरानं मान फिरवली. परसातल्या केळी गेल्या, तिथे ओट्या निघाल्या, दुकानं निघाली. हे गाव कुणी कागदावर आखलं नाही गं. माणसं जिकडून येऊ लागली, तिकडे घरांची तोंडं झाली.

तू मात्र फिरली नाहीस. मामलेदार मोटारीतून उतरले, तर आत येऊन म्हणालीस, "मागीलदारी कोण मेलं आलंय बघ." मी समजवायला गेलो तर म्हणालीस, "मोटार आज आहे, उद्या नाही. खाडी कुठे जातेय?" इतका हट्ट कशासाठी होता?

शेवटच्या दुखण्यात कळलं. "ज्या दारानं आले, त्याच दारानं न्या मला."

खाडीकडची वाट करवंदीनं बुजलेली. खांदेकरी म्हणाले, सडकेनं नेऊ, सोपं पडेल. आत्या कडाडली, "वहिनीला मागीलदारातनं नेणार? खरकटं आहे का ते?" तेवढ्यात शेजारचे हसनचाचा कोयता घेऊन आले. "बाय माझ्या बापाच्या मचव्यातनं आली," एवढंच बोलले आणि करवंदी तोडायला लागले. तू तुझ्या दारानं गेलीस.

पण नंबर मी सडकेकडे ठोकायला सांगितला. रागावू नकोस. तुझी नातसून देवरूखची, तू तिला पाहिलं नाहीस. तो माणूस उभा होता तेव्हा ती सडकेच्या दारात रांगोळी काढत होती. मी सवयीनं म्हणालो, "मागीलदारी कशाला काढतेस?" मान वर न करता म्हणाली, "मामंजी, मोटारीतनं उतरून मी याच दारात माप ओलांडलं ना?"

आई, तुझं दार मी बुजवू देणार नाही. दरवर्षी करवंदी तोडून वाट मोकळी ठेवीन. आणि तिच्या दाराला पुन्हा मागीलदार म्हणणार नाही. आता तूही म्हणू नकोस.

तुझा,
नाना