विहीर, चूल आणि मधली बदके

ठाणे, चैत्र वद्य पंचमी, शके १८०७

तीर्थस्वरूप भाऊंच्या चरणी धाकट्या हरिहराचा साष्टांग दंडवत. (तो मनातच घातला आहे. पोटरी सुजली असल्यामुळे खाली वाकलो तर कुणीतरी उठवावे लागते.) कल्याणास आपण, सौ. वहिनी आणि मुले खुशाल असाल. इकडची खुशाली विचारू नये. इकडे बदके खुशाल आहेत.

कुणाची म्हणाल, तर आमच्या साहेबांची. पाडव्याला ते हवा बदलायला महाबळेश्वरी गेले आणि जाताना कचेरीभर नजर फिरवून म्हणाले, की ही जोडी कुणा भल्या माणसाकडे ठेवायची आहे. बाकीचे कारकून एकदम मान खाली घालून लिहू लागले. माझी लेखणी नेमकी दौतीत होती, म्हणून मी भला ठरलो. नाही म्हणायची माझी काय टाप आहे, भाऊ?

बदकाला दात नसतात, असे लोक सांगतात. नसतील. पण ते चिमटीत मांस धरते आणि कुलपात किल्ली फिरवावी तसे पिळते. रक्त सहसा येत नाही, हिरवानिळा डाग मात्र उठतो, आणि तो कुणाला दाखवावा तर हसतात मेले. (नर जास्त वाईट. मादी चावून निघून तरी जाते, हा तिथेच उभा राहून बघतो.) वैद्यबुवांनी हा प्राणी पाण्यातला धरायचा की जमिनीवरचा, यावर अर्धा प्रहर घालवला आणि शेवटी दोन्हींचे लेप दिले. इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, साबणाने धुवा, थंड पाण्याची पट्टी ठेवा, कातडे फाटले तर पुन्हा दाखवा. गुण त्यानेच आला, पण साबणात चरबी असते म्हणून आई तो उंबऱ्याच्या आत येऊ देत नाही. चावू नये म्हणून काय करावे, तेही आता अंगवळणी पडले आहे. धोतराचा सोगा वर खोचावा, पळू नये, हात हलवू नयेत, समोर घमेले धरून सावकाश मागे सरावे. परवा शिरस्तेदारांच्या समोरूनही मी तसाच मागे सरलो. घमेले नव्हते एवढेच.

हे सगळे मी सोसतो हो. खरा घोर आईचा आहे. तिचे सोवळे आपल्याला ठाऊकच आहे. पहाटे विहिरीवर न्हायचे, ओलेत्याने घागर भरून आत यायचे आणि आपला भात आपल्या हाताने रांधायचा. आता विहीर आणि चूल यांच्या बरोबर मधे बदके बसतात, कारण ओल तिथेच. आई घागर घेऊन निघाली की नर येऊन घोटा धरतो. धरला की सोवळे मोडले. मोडले की पुन्हा न्हाणे. न्हाऊन निघाली की हा पुन्हा हजर! बिचारी दमून जाते, पण चुलीपर्यंत पोचत नाही. सुनेच्या हातचे खाईल म्हणाल, तर पाणी त्याच वाटेने आलेले, म्हणून तेही नको. डालग्याखाली कोंडली तर बदके असा आरडाओरडा करतात, की सगळी आळी दारात उभी. रामनवमीपासून आईच्या पोटात भाताचे शीत नाही. केळे, दूध आणि शेंगदाणे. हाताच्या काड्या झाल्या आहेत. काल म्हणाली, "हरी, मला भाऊकडे पोचव बाबा. तिथे माणसे राहतात." फार लागले हो मनाला. अगदी कंटाळून गेलो आहे.

आपला,
हरिहर

ता. क. एवढे लिहिण्याचे कारण, बाळकुमच्या महिपतची बैलगाडी ठरवली आहे. तो हे पत्र आणून देईल तेव्हा गाडीत बदके असतील. आईने या वयात घर सोडण्यापेक्षा बदकांनी सोडलेले बरे. साहेब परतेपर्यंत सांभाळावीत. वहिनींना आधी सांगू नये.

आणखी ता. क. गाडी दारात लागली. मी डालगे आणायला परसात गेलो, तेवढ्यात आई गाठोडे बांधून, देव मांडीवर घेऊन गाडीत चढून बसलीसुद्धा. तिला वाटले, गाडी तिच्यासाठीच बोलावली. "शहाणा ग माझा हरी," म्हणत गालावरून हात फिरवला. इतक्या दिवसांनी हसली, भाऊ. आता कोणत्या तोंडाने सांगू? महिपत म्हणतो, "दादा, म्हातारी नि बदकां एका गाडीत नाय नेनार मी." तेव्हा बदके इथेच राहिली. आई पोचली की काही विचारत बसू नका. आधी न्हायला पाणी द्या, चुलीकडे कुणाला फिरकू देऊ नका आणि तिला पोटभर भात खाऊ द्या.