दारामागची पिशवी

आई,

गेल्या रविवारपासून मला जेवण जात नाही, आणि त्याला कारण तुझी पिशवी आहे. खाकी जाड कापडाची, निळ्या दोऱ्याने शिवलेली, स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला टांगलेली असायची ती. तुला जाऊन वीस वर्षं होऊन गेली. वाडीवरचं घर आवरताना तुझी अशी एवढीच एक वस्तू मी महाडला आणली आणि माळ्यावर टाकून दिली. इतकी वर्षं ती तिथे मुकाट पडून होती. आता जे झालंय ते तुझ्याशिवाय कुणाशी बोलता येत नाही म्हणून लिहायला बसले. कुठून सुरू करू ते कळत नाही, तेव्हा नाटकापासूनच करते.

हो, मी नाटक लिहिलंय. हसू नकोस. हायस्कूलच्या ऑफिसात दाखले आणि बोनाफाईड लिहिता लिहिता पन्नाशी उलटली, म्हटलं आता एक काहीतरी स्वतःचं लिहू. इथल्या बायकांचं आमचं मंडळ आहे, यंदा एकांकिका बसवायचं ठरलं, आणि मी हात वर केला. तुझ्याशिवाय माझ्याकडे लिहायला होतं तरी काय? पोलादपूरच्या वर, आंबेनळीच्या पायथ्याची वाडी. नवरा मुंबईला, गणपतीला आणि शिमग्याला येणारा. घरात सासू, एक मुलगी, आणि दोघींच्या मधे तू. तू घरात फारशी बोलायचीसच नाहीस, त्यामुळे नाटकात संवाद कमी आणि वस्तूच जास्त झाल्या. पाटा, चूल, आजीच्या कमरेच्या किल्ल्या, आणि दारामागची पिशवी. मी लिहिलं होतं की बाई दर वर्षी दसऱ्याआधी पिशवी उतरवते, आतली निळी साडी काढते, धुते, वाळवते, घडी घालून परत आत ठेवते, आणि वर्षभर ती साडी नेसत मात्र नाही. इथे लोक हसतील असा माझा हिशेब होता. किती टापटिपीची बाई म्हणून. कंसात मी तसं लिहूनही ठेवलं होतं: इथे हशा.

नाटकात तुझं काम करणारी मुलगी एसटीत कंडक्टर आहे, महाडहून पोलादपूर आणि वरच्या वाड्यांच्या गाड्यांवर. वय असेल अठ्ठावीस-तीस. पाठांतर पक्कं, पण प्रश्न फार विचारते. रविवारी दुपारी शाळेच्या हॉलमध्ये तालीम होती. मी तुझी पिशवी माळ्यावरून काढून नेली होती, आणि आत काय काय असायचं ते आठवून आठवून भरलं होतं. एक निळी नायलॉनची साडी, फणी, कागदासकट साबणाची वडी, आणि प्लास्टिकमध्ये घडी घालून ठेवलेला शाळा सोडल्याचा दाखला. अगदी जसंच्या तसं, कारण ते मी लहानपणी कितीदा तरी पाहिलं होतं. तिने सगळं जमिनीवर काढून मांडलं. पिशवी झटकली तर तळातून कांद्याची दोन वाळकी सालं पडली. मग ती मला म्हणाली, "ताई, ही पिशवी कसली?"

"दवाखान्याची," मी म्हटलं. "म्हातारीला एकाएकी न्यावं लागलं तर तयार असावी. घाटात दरड आली की गाडी मिळत नाही, मिळेल तेव्हा धावत सुटावं लागतं. आमच्या आईने कायम भरलेली ठेवली होती."

"मग म्हातारीचं लुगडं कुठाय यात?"

ती आपली त्या वस्तूंकडे बघत बसली होती. "ताई, मी दिवसभर माणसांपेक्षा पिशव्याच जास्त बघते. दवाखान्यात चाललेल्या बाईकडे ताटवाटी असते, चादर असते, थर्मास असतो. माहेरी चाललेलीकडे तांदूळ असतात, नाचणीचं पीठ असतं, भावाच्या पोरांना खाऊ असतो. हिच्याकडे स्वतःची एक साडी, फणी, न वापरलेला साबण आणि सातवीचा दाखला. दवाखान्यात कोण दाखला मागतो ताई? ही कामाला लागायला चाललीय. आणि परत यायचं नाय असं ठरवून चाललीय." मग तिने पिशवी पुन्हा चाचपली आणि विचारलं, "मुलीचा एखादा फ्रॉक नव्हता काय?"

नव्हता, आई. माझं त्यात काही नव्हतं. मी त्या मुलीवर खेकसले. "तुला दिलंय ते काम कर, डोकं चालवायला मी बसलेय इथे." मी चहा आणते म्हणून बाहेर आले आणि नळापाशी उभी राहिले. चाळीस वर्षं मी लोकांना सांगत आले की आमच्या आईसारखी बाई नाही, सगळं सोसलं पण घराला धरून राहिली. आणि घराच्या भिंतीवर, माझ्या डोक्याच्या वर हातभर उंचीवर, तुझं निघून जाणं रोज टांगलेलं होतं. त्याच्याखाली बसून मी पाढे म्हणत होते.

मग मला सहलीचा दिवस आठवला. विसरले कधीच नव्हते, पण तो माझ्या मनात तुझ्या हातच्या एकुलत्या एका चपराकीचा दिवस म्हणून होता. आता त्याच्याकडे बघायला भीती वाटते. मी चौथीत आहे. थंडीचे दिवस आहेत, गुरुजी आम्हाला नदीकाठच्या देवळाशी चालत नेणार आहेत, भाकरी ज्याची त्याने आणायची आहे. माझ्या दप्तराचा बंद तुटलाय. तू सकाळीच शेण काढायला गोठ्यात गेलीस, आणि मी पाटावर चढून ती पिशवी काढते. साडी, फणी आणि साबण गोधड्यांच्या चळतीत कोंबते. दाखल्यावरचं प्लास्टिक मला चटणीसाठी हवंय, म्हणून ते काढून घेते आणि कागद चुलीच्या कडेला ठेवून देते. चोर तो चोर आणि वर हुशार, अशी मी. परत येते तेव्हा दुपार उतरलीय आणि तू उंबऱ्यावर बसली आहेस. तू ती निळी साडी नेसली आहेस. मला वाटतं कुणाचं तरी लग्न आहे आणि तुम्ही मला सोडून जेवून आलात.

"पिशवी घेऊन गेलीस, त्यातला कागद कुठं हाय गो?" तू विचारतेस. मी चुलीकडे बोट दाखवते. आतून आजी म्हणते, "व्हता एक कागद, त्यानं मी चूल पेटवली. काय झालं त्यात? सातवी शिकून कोण कलेक्टर झालंय." तू उठतेस आणि माझ्या गालावर एक ठेवून देतेस. आजीला काही बोलत नाहीस. मी रडायच्या आधीच तू माझा हात धरतेस, पिशवी उघडून बघतेस. आत तेलाचे डाग पडलेत. "धुवाया लागंल," म्हणतेस. आणि मग, "भाकरी पुरली का तुला?" दुपारी दोनला वाडीच्या फाट्यावरून महाडची एक गाडी जायची. तिच्यानंतर दुसरी नव्हती. तू दोनपर्यंत त्या गोधड्या उपसत बसली असशील, आई. साडी सापडली, नेसलीस, पण पिशवी नव्हती आणि कागद नव्हता. हे सगळं त्या पोरीच्या लक्षात आलं ते रविवारी नळाशी उभी असताना, आणि ती पोरगी आता त्रेपन्न वर्षांची आहे.

माझा स्वभाव तुला ठाऊक आहे, मला असं कुणी सांगितलेलं पटत नाही. कंडक्टर बाईला काय कळतंय, मी स्वतःला म्हटलं. तो दाखला तिने सहज ठेवला असेल, एवढं शिकल्याचं कौतुक म्हणून. आणि हे तपासायची सोय माझ्याच हातात होती. दाखला हरवला किंवा जळाला तर शाळेतून दुसरा मिळतो, नुसता एक अर्ज करावा लागतो. मी असे दाखले महिन्याला चार-पाच लिहिते. दुसरा दिला की रजिस्टरात शेरा मारावाच लागतो. तुला त्या कागदाची खरोखर गरज नसेल तर शेऱ्याची जागा कोरी असणार. मग मी त्या मुलीला तोंडावर सांगणार होते की बघ, माझी आई कुठे जात नव्हती.

बुधवारी रजा टाकून तुझ्या माहेरी तुडीलला गेले. मुख्याध्यापक बाई ओळखीच्या आहेत, त्यांनी जुनं रजिस्टर काढून दिलं. सावित्री नदीच्या पुराने पानांच्या कडा फुगल्यात, पण शाई टिकली आहे. तुझं नाव सापडलं. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलंय: मूळ दाखला जळाल्याने नोकरीकरिता दुसरी प्रत दिली. त्या सहलीनंतरच्याच मे महिन्यातली तारीख. खाली तुझी सही. तुला सही करताना मी जन्मात पाहिलं नव्हतं, आई. आपल्याकडे रेशनला आजी अंगठा उठवायची. किती नीटस सही आहे तुझी, शेवटचं अक्षर जरा वर गेलेलं. मी त्यावरून बोट फिरवलं आणि मला रडू फुटलं. बाईंनी पाणी दिलं, विचारलं मात्र काही नाही.

तो मे महिना मला आठवतो. तू मला तुडीलला आंबे खायला नेलं होतंस. शाळेच्या ओसरीवर मामाने मला पेपरमिंटच्या गोळ्या देऊन बसवलं आणि तुम्ही दोघं आत गेलात. मला सांगितलं की मामाचं काम आहे. परत येताना महाडच्या स्टँडवर आपण उतरलो. तू एका गाडीसमोर उभी राहिलीस आणि पाटी वाचत राहिलीस. मी वाचायला शिकलेले होते, पाटीवर मुंबई लिहिलं होतं. मला वाटलं तुझी चूक होतेय. मी तुझा पदर ओढून म्हटलं, "आई, आपली गाडी तिकडं हाय." तू तशीच उभी. मी पुन्हा ओढलं. मग तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "व्हय गो. आपली तिकडं हाय." आपण पोलादपूरच्या गाडीत बसलो, तू मला खिडकी दिलीस. त्या पावसाळ्याच्या बेगमीला आणलेले कांदे तू त्या पिशवीत भरलेस, आणि त्यानंतर तिच्यात कायम कांदेच राहिले. निळी साडी तू रोज शेतावर नेसायला काढलीस, दोन वर्षांत तिचं पोतेरं झालं.

मला तुझ्यावर राग येतो, हेही सांगून टाकते. फ्रॉक का नव्हता म्हणून येतो. मग वाटतं, नोकरीच्या पहिल्या दिवशी पोर कुठे ठेवणार होतीस, आधी एकटीने पाय रोवून मग मला नेणार असशील. असं मी समजावते स्वतःला, आणि खरं काय ते सांगायला आता कुणी उरलेलं नाही. मामाही गेला. राग उतरला की फार वाईट वाटतं. तुझ्याकडे नवा कागद होता, साडी होती, गाडी समोर उभी होती, आणि मी पदर धरून उभी होते.

गुरुवारी मी त्या मुलीची माफी मागितली आणि नाटकाचं शेवटचं पान फाडून नवीन लिहिलं. "इथे हशा" खोडलं. आता शेवटी बाई कांदे सुपात ओतते, पिशवी झटकते, साडी-फणी-दाखला आत ठेवते, आणि पिशवी खांद्याला लावून दारातून निघते. मुलगी पाढे म्हणत असते, तिचं लक्ष नसतं. सगळ्या बायकांना पटलं. एकीचे तर डोळे भरून आले. माझीच कल्पना, मीच लिहिलेलं, म्हटलं आईला निदान इथे तरी जाऊ दे. सोळा दिवसांवर प्रयोग आला आहे.

काल तो प्रवेश पहिल्यांदा उभा करायचा होता. ती मुलगी दोन फेऱ्या करून ड्युटीवरून थेट आली, पदर खोचला, दारामागे हात घातला, तर खिळ्याला काही नाही. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी कपाळाला हात लावून म्हटलं, अगं बाई, पिशवी घरी राहिली माझ्या. मग शेवट सोडून बाकीची तालीम केली.

राहिली नव्हती, आई. निघताना हातात घेतली होती, आणि परत आत जाऊन गोधड्यांच्या खाली ठेवून आले.