रंगावरचा धूर

आई,

एका रविवारी सकाळी आपण दोघी सांगलीच्या शेडच्या दारात थिनरच्या उलट्या डब्यांवर बसून भडंग खात होतो. तुझ्या बोटांना पॉलिशचा पांढरा मसाला लागला होता, म्हणून तू कागदाचा पुडाच तोंडाशी नेऊन भडंग ओतून घेत होतीस. मी दोन बोटांनी एकेक शेंगदाणा वेचत होते, कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांनी शिकवल्यासारखी. तू बराच वेळ बघत राहिलीस आणि म्हणालीस, "अशी खाल्लीस तर दिवाळी यील की गं." समोर एका डॉक्टरांची काळी गाडी उभी होती, अर्धी पाण्यासारखी आणि अर्धी घासलेल्या पाटीसारखी. आत दादा रंग ढवळत होते. त्या दिवशी बाकी काही घडलं नाही. तरी तू गेल्यापासून तुझ्याशी बोलावंसं वाटलं की तीच सकाळ पुढे येते.

दादांशी लग्न करून तू जतकडून सांगलीला आलीस, तेव्हा ते दुसऱ्याच्या गॅरेजात गाड्या रंगवत होते. स्वतःची शेड झाली आणि रंग वाळल्यावरचं घासकाम तुझ्या अंगावर आलं. आधी हातानं, जुन्या लुगड्याच्या चिंध्या घेऊन. मग दादांनी मुंबईहून पॉलिशचं जड मशीन आणलं आणि पहिल्याच दिवशी एका मडगार्डचा रंग जाळला. गरगर फिरणारी चकती एका जागी दाबून धरली की रंग तापतो आणि उडतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. दादा मशीन खाली ठेवून विडी ओढायला गेले आणि तू ते उचललंस. तुझ्या माहेरची पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. मला पुढे शिकवताना तू हेच सांगितलंस की मेंढरू दाबलं तर बसतं, त्याला चालवावं लागतं, आणि मशीनचंही तसंच. कडेला आलं की हात हलका, कारण कडेला रंग पातळ असतो. बाजारात मिळणारी, चकतीवर चढवायची लोकरीची गादी तुला बोटात धरताच राठ वाटली. मामांना सांगून तू कोकरांच्या पहिल्या कातरणीची लोकर, जावळ, मागवलंस आणि घोंगडी शिवायच्या सुईनं स्वतः गादी शिवलीस. मामा हसले होते. म्हणाले, आमी पोराच्या अंगावर घालायला जावळ जपतो आन् ही गाडीला घालती.

मशीन फिरल्यावर गाडी चमकायची, गिऱ्हाईक खूश व्हायचं, दादाही खूश व्हायचे. तू मात्र खाली वाकून, मान तिरकी करून बघत बसायचीस. चमक असायची, पण तिच्यावर एक पांढुरकी झाक असायची, श्वास लागलेल्या काचेसारखी. आज त्याला इंग्रजी नाव आहे आणि ते घालवायच्या बाटल्या मिळतात. तू त्याला धूर म्हणायचीस. "धूर हाय अजून," एवढंच म्हणायचीस आणि गादी धुऊन, पिळून, पुन्हा मशीन लावायचीस. धूर गेला की नाही हे ओळखायची तुझी रीत मी दुसऱ्या कुठल्या गॅरेजात पाहिली नाही. बॉनेटवर वाकायचं आणि रंगात स्वतःच्या कपाळावरचं कुंकू बघायचं. कुंकवाची कड फुटलेली दिसली तर काम बाकी. टिकलीसारखी गोल, रेखीव दिसली तर गाडी सोडायची.

मी कॉलेजात असताना दादा गेले. त्यांचे दिवस झाल्यावर तू शेड उघडलीस, रंगाला माणूस ठेवलास, आणि कुंकू लावूनच कामावर गेलीस. कुंडलच्या आत्याबाई समजूत काढायला आल्या होत्या. चार बायकांसमोर त्यांनी विचारलं की नवरा गेला तरी कपाळ असं कसं ठेवलंस. मी आतल्या खोलीतून ऐकत होते. तू भांडली नाहीस. "आवं, ह्ये कपाळाला न्हाई, कामाला लावलंय," म्हणालीस आणि त्यांच्यापुढं चहाची कपबशी सरकवलीस. आत्याबाई चहा प्यायल्या. त्यानंतर कुणी विचारलं नाही. लोक हळदीकुंकवाला बोलवत नव्हते ते नव्हतेच, पण तू त्या वाटेनं जातानाही मान खाली घातलीस असं मला आठवत नाही.

माझी शाळाही तुझ्या मशीननंच मिळवली. सिस्टरांची पांढरी मोटार आपल्याकडे आली होती. न्यायला आलेल्या मुख्य सिस्टरांनी बॉनेटवरून हात फिरवला आणि हे कुणी केलं म्हणून विचारलं. दादांनी लाजत तुझ्याकडे बोट केलं. त्या कौतुक करतायत एवढं तुला कळलं, आणि तू लगेच मला पुढे ढकललंस. ह्या पोरीला घ्या, म्हणालीस. पुढे पालकसभेला येताना तू हात रॉकेलनं, मग साबणानं, मग चिंचेनं धुवायचीस. तरी बाकावर तुझ्या शेजारी बसलं की थिनरचा वास यायचाच. मैत्रिणींना तो कळायचा. मला तो आवडायचा, आणि हे मी तुला तेव्हा सांगितलं असतं तर तुझी चिंच तरी वाचली असती.

तू मला एकदाच खरी रागावलीस. मी दहावीत असेन. एक निळी गाडी संपत आली होती, तू दमली होतीस, आणि तू मला बघायला बोलावलंस. मी वाकून पाहिलं. दाराच्या खालच्या अंगाला धूर होता. पण तुझा चेहरा बघून मी म्हटलं, झालं की, छान झालंय. तू मशीन बंद केलंस. "मला काय दिसतंय ते मला ठावं हाय. तुला कशाला बोलिवलं? तुला काय दिसतंय ते सांग." मी दाराकडे बोट दाखवलं. तू पुन्हा बसलीस आणि त्या दारावरचा धूर काढलास. रात्री जेवताना म्हणालीस, "आईला बरं वाटावं म्हणून बघायचं नसतं, बाळ." सिस्टरांनी मला चांगलं इंग्रजी दिलं, टापटीप दिली, प्रार्थना दिल्या. पण समोर कुणीही असो, दिसलं ते बोलायचं, हे मी त्या निळ्या गाडीच्या दाराशी शिकले. सासरी, बँकेत, दवाखान्यात, सगळीकडे ते कामी आलं. ह्यांच्याशी झालेली निम्मी भांडणंही त्यातलीच.

माझ्या लग्नात तू रुखवतात काय ठेवलंस त्याचा विषय सासरी साताऱ्यात अजून निघतो. करंज्या, अनारसे, विणलेली तोरणं, आणि मधोमध हळदीकुंकू लावलेलं, गोंड्यांची माळ घातलेलं नवंकोरं पॉलिशचं मशीन. वऱ्हाडातल्या बायका एकमेकींना कोपरखळ्या मारत होत्या. एका मावशींनी विचारलं, की नवरी नवऱ्याला घासून पुसून घेणार आहे का. तू हसून म्हणालीस, "गरज पडली तर." सासूबाईंनी ते मशीन माळ्यावर टाकलं होतं. ह्यांची बदली गडचिरोलीला झाली तेव्हा मी साताऱ्यातच राहिले, ते खाली काढलं आणि घराच्या पडवीत शेजाऱ्यांच्या गाड्या करायला लागले. आज रस्त्याला लागून माझं दुकान आहे. मशीनं हलकी झाली, गाद्या फोमच्या झाल्या, तपासायला पांढऱ्या उजेडाचे दिवे आले. लोक लांबून येतात, कारण साताऱ्यात म्हणतात की बाईंनी सोडलेल्या गाडीवर उन्हातही काही दिसत नाही.

आता जे सांगायचं आहे ते सांगते. मागच्या महिन्यात फौजेतून निवृत्त झालेले एक हवालदार त्यांची काळी गाडी घेऊन आले. मुलीचं लग्न होतं, त्याच गाडीतून पाठवणी करायची होती. मशीन आता माझी सून चालवते. पाटणकडची पोर, माझ्यापेक्षा तिचा हात चांगला आहे, हे मी तिच्या तोंडावर कधी म्हटलेलं नाही. तिनं गाडी केली आणि मला बोलावलं. मी वाकले. बॉनेटवर धूर दिसला. मी म्हटलं, पुन्हा घे. तिनं गादी बदलून पुन्हा घेतलं. पुन्हा धूर. मी मसाला बदलायला लावला, दिवा हलवला, तरी तसाच. ती एकदा माझ्याकडे बघून थांबली, आणि मग तिनं पुन्हा मशीन लावलं. आजच्या गाड्यांच्या रंगावर काचेसारखा एक पातळ थर असतो, आणि पॉलिश म्हणजे त्याचाच वरचा पापुद्रा काढणं. घासाल तितका तो कमी होतो. संध्याकाळी बॉनेटच्या पुढच्या कडेला तो थर संपला आणि तळव्याएवढा मातकट डाग उघडा पडला.

मी तिच्यावर ओरडणार होते. तोंड उघडलंही होतं. ती रडत नव्हती, हातातलं मशीन पोटाशी धरून उभी होती. "आत्या," ती म्हणाली, "मला तर पैल्यांदा केलं तवाच साफ दिसत हुतं."

मग बोलली का नाहीस, असं मी विचारलं. तिनं खाली बघत सांगितलं, "तुमाला दिसतंय म्हटल्यावर आसंलच की. तुमच्या डोळ्याच्या वर माझा डोळा कसा न्यायचा?"

मी दिव्याकडे बघितलं. दिव्याभोवतीही तोच धूर होता. भिंतीवरच्या कॅलेंडरवर होता, तिच्या चेहऱ्यावर होता. मी तिथंच स्टुलावर बसले. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं की दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि उजवा तर पार पिकलाय.

हवालदारांना मीच फोन केला आणि घडलं तसं सांगितलं. ते आले, डागावरून बोट फिरवलं, आमच्या दोघींकडे बघितलं. मला वाटलं होतं आवाज चढेल. ते म्हणाले, "मॅडम, फौजेत आमचं बी ह्येच. सायबानं म्हटलं चल, की म्होरं खड्डा दिसला तरी लेफ्ट-राइट." सून तोंडाला पदर लावून हसली. मलाही हसू आलं, आणि ते आल्याची लाजही वाटली. बॉनेट नव्यानं रंगवून घेतलं, लग्नाआधी गाडी दिली. शेवटचं पॉलिश सुनेनं केलं. मी वाकले नाही. दुकानाच्या दारातच उभी राहून विचारलं, तुला काय दिसतंय. तिनं सवयीनं आधी माझ्याकडे बघितलं. मी पाठ फिरवली आणि रस्त्यावरच्या गाड्या बघत उभी राहिले. बऱ्याच वेळानं मागून आवाज आला, डाव्या दिव्याजवळ एक रेघ हाय, ती काढते. इतक्या वर्षांत तिला हे एकदाही विचारलं नव्हतं. तू मला विचारायचीस. दमलेली असतानाही विचारायचीस. त्याला किती मोठं मन लागतं ते मला दारात पाठमोरी उभी असताना कळलं.

गुरुवारी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. सगळे म्हणतात, चहा निवायच्या आत होतं. तरी माणसानं व्यवस्था सांगून ठेवावी. घरात असलं काही काढलं की मुलगा चिडतो, म्हणून तुला सांगते. दुकानाची किल्ली आणि तिन्ही हलकी मशीनं सुनेची. पाटीवरही आता तिचंच नाव घालायचं आणि गाडी सोडायची की नाही हे तिनंच ठरवायचं, मला दिसायला लागलं तरी. रुखवतातलं मशीन सांगलीला भावाकडे पाठवायचं. त्याला आठवण म्हणून हवंय, फक्त त्यानं ते चालवून बघू नये, तो दादांवर गेलाय. हवालदारांच्या गाडीचं पॉलिश दरवर्षी आपल्याकडून, दुकान आहे तोवर. माझ्या पाटल्या मुलीला, आणि शाळेत मिळालेला इंग्रजीचा जाडजूड शब्दकोश नातीला, ती उशाला घेणार असली तरी. ह्यांना काही ठेवलेलं नाही. त्यांना रोज सकाळी कुणीतरी पेपर वाचून दाखवा, म्हणजे माझं ऐकत नाहीत तसंच तेही ऐकत नाहीत, पण खूश राहतात.

हे पत्र कुणालाच द्यायचं नाही. तुला वाचता येत नव्हतं, आणि मलाही आत्ता परत वाचून बघता येत नाही, तेव्हा जसं आहे तसं राहू दे. एकच सांगायचं राहिलं. ऑपरेशनला घाबरत नाही असं मी सगळ्यांना सांगितलंय, आणि ते खरंच आहे. मी घाबरते ती पट्टी निघाल्यानंतरच्या दिवसाला. गेल्या दोन-तीन वर्षांत डोळा मंदावत असताना, बारीक रेघा न दिसताच, मी "झालं" म्हणून सोडलेल्या किती गाड्या साताऱ्याच्या उन्हात फिरत असतील, आणि मला त्या सगळ्या दिसतील.