कासवाची शाब्बासकी

१९ तारीख, मंगळवार
शाळेतल्या सामानाच्या खोलीतून

प्रिय दादा,

नमस्कार. वाकून करणार होते, पण मांडीवर टॅबची चळत आहे, वाकले तर सगळी खाली येईल. मी बरी आहे, खोकला गेला. आईला सांग, वेळेवर जेवते. वहिनीला सांग, तिने विणलेला स्वेटर अंगात आहे आणि त्याच्या बाहीचा उपयोग काय होतो ते तिला कळलं तर ती मला दुसरा विणून देणार नाही.

तुझं पत्र मिळालं. शुक्रवारी तुमच्या शाळेची बैठक आहे, बालवर्ग तुझा म्हणून मोठ्या बाईंनी सगळं तुझ्यावर सोडलंय, आणि मी रोज आतून बघते तर मी खरं काय ते सांगावं : एवढ्याशा पोरांच्या हातात टॅब द्यावा की नाही. इथवर ठीक. पण खाली तू लिहिलंयस, "टॅब तुझ्याच कंपनीचे आहेत, तेव्हा मी हो म्हणायच्या बेतात आहे." दादा, तुला अक्कल आहे अशी माझी आजवर समजूत होती.

फोन केला असता, पण फोनवर तू मला मधेच तोडतोस. कागदावर तोडून दाखव.

आधी माझं काम ऐक. गळ्यातल्या बिल्ल्यावर लिहिलंय 'अध्ययन सहायिका'. अर्थ असा, की सकाळी चाकांच्या कपाटातून टॅब काढायचे, वाटायचे, दुपारी गोळा करायचे, पुसायचे आणि पुन्हा चार्जिंगला लावायचे. पुसणं हे मुख्य. आमचे साहेब, ज्यांना मी सुगंधी म्हणते कारण त्यांचं अत्तर त्यांच्या आधी जिना चढतं, ते पालकांसमोर हात पसरून म्हणतात, "तुमची मुलं भविष्याला स्पर्श करताहेत!" करताहेत ना. भविष्याला रोज शेंबूड लागतो आणि तो मी काढते. (वहिनीला बाहीचं कळलं असेल.)

हा सुगंधी परवा तुझ्याबद्दल विचारत होता. ते राहू दे.

टॅबमध्ये एक कासव आहे. चष्मा लावलेलं. पोराने काहीही दाबलं की टिंग वाजतं, ते मान हलवतं आणि म्हणतं, "वा! किती हुशार!" बरोबर दाबलं तरी वा, नाकाने दाबलं तरी जवळजवळ वा. चुकलंच तर "पुन्हा प्रयत्न कर, मित्रा." मला एवढं कौतुक जन्मात मिळालं नाही. फोटोच्या दुकानात होते तेव्हा मालक 'बरं' म्हणाला की मी दिवसभर हवेत असायचे. त्या दुकानात एक म्हातारा दर महिन्याला येऊन आपला तोच फोटो पुन्हा काढून घ्यायचा, बारीक झालोय का बघायला. मला तो फार आवडायचा. असो, भरकटले.

तर वर्ग. तुझा वर्ग मला माहीत आहे. डबा द्यायला आले की तू दिसायचास कुठे? पोरांच्या ढिगाखाली. "सर बघा, सर माझं बघा, सर ह्याने खोडलं!" तुझ्या डाव्या बाहीला खडूच्या बोटांचा कायमचा डाग. इथल्या बाईंच्या बाह्या स्वच्छ आहेत. कोणी ओढतच नाही. गणित झालं की पोर कासवाकडे बघतं, कासव वा म्हणतं, पोर पुढचं दाबतं. बाई मागे बसून आपल्या पडद्यावरचे ठिपके बघतात. पोराने टॅब चालवला तर हिरवा, नाही चालवला तर लाल. कासवं थांबली की वर्गात एवढी शांतता असते की पंख्याची कुरकुर ऐकू येते, आणि पालक दारातून बघून म्हणतात, "किती रमलीत!" रमलीत म्हणे. दवाखान्याच्या बाकड्यावर माणसं जशी बसतात तशी बसलेली असतात.

आता ठिपक्यांची मजा. पोर आजारी पडलं की त्याचा ठिपका लाल. फार लाल झाले की शाळा विचारणार, तुमचा टॅब चालत नाही का? म्हणून सुगंधीने फर्मान काढलं, "गैरहजर मुलांचे टॅब तू जरा चालवून ठेवत जा." मग काय, दुपारी याच खोलीत बसून मी बालवर्गाचा अभ्यास केला. मी! जिने शाळा आतून पाहिली त्यापेक्षा बाहेरून जास्त पाहिली. कासव खूश. बेरजा, मोठं-लहान, पुढे-मागे, धडाधड. एका पोरीच्या नावावर तर मी सगळ्या वर्गाच्या पुढे गेले. तुला हे लिहून कळवायचं होतं, की तुझी बहीण शेवटी पहिली आली.

ती पोरगी म्हणजे चिमणी. तिला गोवर झाला होता, म्हणून बरेच दिवस नव्हती. गेल्या आठवड्यात आली. बारीक झाली होती. तिच्या हातात टॅब दिला मीच. उघडला तर वजाबाकी. पोरीला बेरीज धड येत नाही. तिने इकडे दाबलं, तिकडे दाबलं. पुन्हा प्रयत्न कर, मित्रा. पुन्हा प्रयत्न कर, मित्रा. ती उठली आणि बाईंकडे गेली. अख्ख्या वर्गात ती एकटीच उठली बघ, कारण बाकीच्यांची सवय तिला अजून लागायची होती.

"बाई, मला हे येत नाही."

बाईंनी पडद्यावर पाहिलं. "येत नाही कसं? हिरवं आहे की सगळं. हे तर तू केलंयस."

"मी नाही केलं."

"चिमणे, खोटं बोलू नये."

बाई दुष्ट नाहीत, दादा. डबा वाटून खातात माझ्याबरोबर. पण समोर उभी पोर आणि हातात ठिपका, आणि त्यांनी ठिपक्यावर विश्वास ठेवला. चिमणी परत जागेवर जाऊन बसली. रडली नाही. दाबत बसली. आणि मी फडकं हातात घेऊन तिथेच उभी होते, आणि पुसलेलाच टॅब पुन्हा पुसत राहिले. मघाशी पहिली आले म्हणून हसत लिहिलं ना, त्याची पुढची गोष्ट ही.

मधल्या सुट्टीत बाईंना सांगितलं, हिरवं मी केलंय. त्या दाराकडे बघत म्हणाल्या, "हळू बोल." मग म्हणाल्या, "मग आता काय, परत लाल करू?" टॅब परत मागच्या बेरजांवर नेता येतो का विचारलं सुगंधीला. तो म्हणतो, "मागे कशाला? प्रगती आहे ती!" मी म्हटलं, पोरीला येत नाही. तो म्हणतो, "येईल हो. कासव आहे ना."

आता ते राहू दे म्हटलं होतं ते. तुमच्या शाळेने टॅब घेतले तर सुगंधी मला कायम करणार आहे. कायम! माझ्या नावापुढे हा शब्द कधी कोणी लावला नव्हता. त्याला ठाऊक आहे की तिथला बालवर्ग तुझ्याकडे आहे, आणि त्याने माझ्याकडून हेच पत्र मागितलंय, फक्त उलट्या मजकुराचं. आईला तो शब्द फोनवर सांगून बसले, मूर्खपणा केला. ती शेजारी सांगत सुटली असेल. मला वाटतं, तू 'हो' म्हणायच्या बेतात आहेस तो टॅब बघून नाहीच. आई तुझ्या कानाशी लागलीय. तू मला नोकरी देतोयस. तीस-बत्तीस पोरं कासवाच्या हवाली करून.

तू नाही म्हण, दादा. शुक्रवारी, मोठ्याने.

आणि तू मनात काय म्हणशील तेही माहीत आहे. हिला कुठलं काम टिकवता आलंय, रोपवाटिका सोडली, बोटीवरची तिकिटं सोडली, आता हेही सोडायला निमित्त शोधतेय. म्हणून मी राजीनामा देत नाहीये. मला काढेपर्यंत इथेच आहे. हाकलतील तर हाकलू देत, या वेळी पळाली असं कोणाला म्हणता येणार नाही.

शिवाय काम आहे. कालपासून दुपारी चिमणीला जिन्यावर नेते. तू मला आपल्या जिन्यावर शिकवलं होतंस, आठवतं? मिळवायचं तर वर चढायचं, वजा करायचं तर खाली उतरायचं, आणि मी मुद्दाम जास्त उतरून अंगणात पळायचे. चिमणी पळत नाही. नीट मोजत उतरली, बरोबर पायरीवर थांबली आणि वाट बघत राहिली. मी म्हटलं, काय गं?

म्हणाली, "वाजलं नाही."

दादा, मी तिला शाब्बास म्हटलं, तर तिने माझ्याकडे बघितलंच नाही, माझ्या हाताकडे बघितलं, हातात काही आहे का म्हणून.

आज पुन्हा नेलं. आज उतरल्यावर तिने माझी बाही ओढली. स्वेटरची. वहिनीला सांग, दुसरा विणायला घे, ह्याचं आता काही खरं नाही.

आईला 'कायम'चं तूच सांग. माझ्याने होणार नाही.

तुझ्या शुक्रवारच्या 'नाही'ची वाट बघणारी,
बालवर्गात पहिली आलेली,
तुझी धाकटी