सायपानचा दगड

सातावल बेट, १० एप्रिल १९८७

चि. उरुमाल यास,
अ. उ. आ. वि. वि.

तुला मुलगी झाल्याचं कळल्यापासून बाबांच्या अंगात वारं शिरलंय. बाळाला लावायची हळद आपणच न्यायची, तीही होडीने! अरे, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहेत. पण कबूल करतील तर शपथ.

परवा त्यांनी चटईवर ताऱ्यांचे दगड गोल मांडले होते, कुठल्या ताऱ्याच्या रोखाने कुठलं बेट ते शिकवायला. सुकाणू आत्याचा सौतन धरणार, त्याला शिकवत होते. मी त्यांच्याकडे पाठ करून टोपली विणत होते. दोघं पाणी प्यायला उठले, तेव्हा सायपानच्या ताऱ्याचा दगड मी हळूच पश्चिमेला सरकवला. म्हटलं, बघू ओळखतात का. परत येऊन त्यांनी सगळ्या दगडांवरून बोट फिरवलं आणि काही न बोलता शिकवणं पुढे चालू! डोळे गेले, आता बोटंही गेली का रे?

माझं ऐकणार नाहीत. बाईमाणसाने दिशांचं बोलायचं नसतं ना! तूच लिही. बाळाचा पापा घे.

तुझी,
नेमालताई

सायपान, २८ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

इथल्या डॉक्टरांना विचारलंय. बाबांना जहाजानेच पाठव, रुसले तर रुसू देत. शीड लपव, नाहीतर त्यावर झोपून राहा. तुझ्याखालून ते कोण ओढणार! सौतनच्या भरवशावर तर मुळीच सोडू नकोस, त्याला ध्रुव आणि कंदील सारखेच. बाळाचं नाक तुझ्यावर गेलंय, बिचारी.

हात जोडतो, त्यांना अडव. लोभ आहेच, तो धाकट्यावर जरा जास्त असू दे.

तुझा,
उरुमाल

सातावल, १५ मे

चि. उरुमाल यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र घेऊन जहाज आज आलं. होडी रविवारीच गेली. जहाजातून जायला मी काय खोबऱ्याचं पोतं आहे, असं म्हणाले आणि निघाले. तेव्हापासून आभाळ भरलंय, एक तारा दिसत नाही. रेडिओची बॅटरीही संपलीय.

माझा जीव खातोय तो दगड. मी तो परत जागेवर ठेवलाच नाही रे! संध्याकाळी पाहिलं तर सगळे गोळा केलेले. सौतन तीच दिशा पाठ करून गेला असेल तर? तिकडे नुसतं पाणी आहे. होडी बाहेर असताना घरात रडायचं नसतं, म्हणून इथे कागदावर रडते.

काही कळलं तर कळव, वाईट असलं तरी.

नेमालताई

सायपान, ३ जून

ती. ताईस,
सा. न.

बाबा पोचले. सौतनही. आता बस आणि पोटभर रडून घे.

ते दारात येईपर्यंत होडी निघाल्याचं आम्हाला ठाऊकही नव्हतं. सौतन सांगतो, सगळी वाट आभाळ बंद. बाबा होडीच्या तळाशी पालथे पडून लाटा अंगाला कुठून लागतात ते सांगायचे, आणि हा सुकाणू वळवायचा. शेवटी त्याला पाणपाखरं संध्याकाळची घरी परतताना दिसली, त्यांच्यामागे आले. आता मी सौतनला नावं ठेवत नाही.

डॉक्टर म्हणाले, फार उशीर झाला, आतली नसही गेलीय, नजर येणार नाही. बाबांनी बाळाला हळद लावली, नाक चाचपलं आणि म्हणाले, ही तर नेमालच.

तुझं पत्र काल जहाजाने आलं, ते मी वाचून दाखवलं. वाटलं, भडकतील. ते हसतच सुटले. बोट फिरवलं तेव्हाच त्यांना कळलं होतं. तू टोपली घेऊन आत गेल्यावर दगड जागेवर ठेवून त्यांनी सौतनला सगळं पुन्हा घोकायला लावलं. मग ताईला बोलला का नाहीत, असं मी विचारलं. म्हणाले, इतक्या दगडांतला नेमका सायपानचा तिला कोणी दाखवला? मी तर नाही. बोललो असतो, तर रीतीप्रमाणे तिला तिथून उठवावं लागलं असतं. मला तिला उठवायचं नव्हतं.

परत मात्र खोबऱ्याचं पोतं होऊन जहाजानेच येतायत. तुला निरोप आहे: टोपली बाजूला ठेव आणि चटई अंथरून ठेव.

तुझा,
उरुमाल