शोभाच्या उंचीची मशीन

३ नोव्हें., सोमवार
गजाननने आज परत करवत ढकलली. किती वेळा सांगितलं की बाबा, दोन मुठींची करवत फक्त ओढायची असते. आपल्याकडं ओढायची, मग हात सैल सोडायचा, समोरचा त्याच्याकडं ओढतो. ढकललं की पातं वाकतं आणि बाभळीत रुतून बसतं. तो "हव जी" म्हणतो आणि परत ढकलतो. रोजीचा माणूस. त्याला वाटतं जोर दिसला पाहिजे.
शोभाला हे कधी सांगावं लागलं नाही. लग्नाच्या वर्षी लाकडाच्या टालीवर माणूस मिळेना म्हणून एक दिवस समोरची मूठ धरली, ती सव्वीस वर्षं धरली. माझा दम कधी संपतो हे तिला माझ्या आधी कळायचं. न बोलता थांबायची.
आता पुण्यात. लेकीचं, रूपाचं बाळंतपण, डॉक्टर तिकडचे. सव्वा महिना म्हणून गेली. नातू तीन महिन्यांचा झाला.

९ नोव्हें.
शो.चा फोन. बाळाला कॅमेऱ्यासमोर धरलं, त्याचं कपाळच दिसत होतं. हात कसे आहेत विचारलं. "इकडं आल्यापासून दुखतच नाई. रात्री मुंग्या येत, त्याबी गेल्या."
बरं वाटलं. फोन ठेवल्यावर मात्र वाटेना. टालीपासून लांब गेली आणि हात बरे झाले. मग इकडं यावंच कशाला?
कधी येतेस, हे विचारायचं राहिलं. राहिलं म्हणजे विचारलं नाही.

११ नोव्हें.
ठरलं. लाकूड कापायची-फोडायची मशीन घ्यायची. करवतच गेली तर तिच्या हातांना भीती नाही, आणि मग न यायला कारण उरत नाही. गजाननला सांगितलं, लग्नसराई आहे, आचाऱ्यांची मागणी वाढली. शो.ला सांगणार नाही. आली की दिसेलच.

१४ नोव्हें., अमरावती
पहिली पाहिली ती स्क्रूची. फिरता लोखंडी शंकू, त्यावर ओंडका टेकवला की तो आत घुसतो आणि लाकूड दोन फाक. झटपट काम. दुकानदार हौसेनं दाखवत होता. मी त्या फिरत्या टोकाकडं पाहत होतो. शो. काम करताना पदर खोचते, पण वाकली की सुटतो. एका झटक्यात ओढून नेईल.
"बाईमाणूस चालवणार आहे का?" दुकानदार म्हणाला. हो म्हटलं. "मग तिला ड्रेस घालायला सांगा." उठून आलो. सव्वीस वर्षांत मी तिला काही घालायला सांगितलं नाही, याच्या मशीनसाठी सांगू काय.

१८ नोव्हें., यवतमाळ
सोबत र.भाई. रशीदभाईचं वेल्डिंगचं दुकान टालीला लागूनच, त्याला लोखंड कळतं. इथली मशीन मनात बसली. पुढं साखळीचं पातं, ते ओंडक्याचा तुकडा पाडतं. मागं पाचर, ती तेलाच्या दाबानं सावकाश येते आणि फोडते. दांडे दोन. दोन्ही हात दोन्ही दांड्यांवर असले तरच पाचर हलते, एक उचलला की जागच्या जागी थांबते. दोन-तीनदा हात उचलून पाहिला. थांबली.
इंजिनची की करंटची? र.भाई म्हणतो, "इंजिनची घ्या भाऊ, आपल्या इथं लाइटीचा काय भरोसा." खरं आहे. पण इंजिनाच्या धुरानं शो.ला खोकला येतो. करंटची घेतली. र.भाईला कारण सांगितलं की डिझेल परवडत नाही.

२४ नोव्हें.
मशीन आली. उतरवायला अर्धा मोहल्ला. खालचा स्टँड र.भाईनं इथंच बसवून द्यायचं ठरलं होतं.
"कोणाच्या मापानं कापू? तुमच्या का गजाननच्या?"
मी माझ्या कमरेच्या खाली हात धरला. एवढं.
"थे तं भाभीचं माप झालं."
हो म्हटलं. त्यानं माझ्याकडं एकदा पाहिलं, खडूनं खूण केली आणि कापायला घेतलं. भला माणूस.

२५ नोव्हें.
नारळ फोडला. मशीनला कुंकू मीच लावलं, ते वाकडं लागलं. दरवर्षी दसऱ्याला करवतीला, कुऱ्हाडीला, वजनकाट्याला शो. लावायची. यंदा मीच लावलं होतं, आज परत तेच.
पहिला ओंडका बाभळीचा, गाठीचा. कुऱ्हाडीनं अर्धा दिवस खाल्ला असता. पाचर गाठीपाशी थांबली, मोटार कण्हली, मग कर्रकन आवाज होऊन गाठ उघडली. आत लालभडक. गजानन हात बांधून उभा होता. म्हणाला, "आता मले कायले ठेवता?" मी म्हटलं, ओंडके आणून द्यायला. त्यावर तो खूश.

५ डिसें.
मशीन म्हणजे मशीन आहे. मापाची पट्टी फुटावर लावून ठेवली, जे येईल त्याचा फुटाचा तुकडा, फुटाची ढलपी. ढाब्याच्या भट्टीला, आचाऱ्याला, बंबाला, सगळ्यांना हेच माप चालतं. बाभूळ संपली, निंब घेतला, चिंच घेतली. जुनं पडलेलं सगळं काढलं. टाल इतकी नीटनेटकी कधी दिसली नव्हती. भिंतीपर्यंत एकसारखी थप्पी. फोटो काढला. पाठवायला बोट गेलं, मागं घेतलं. आली की पाहील.
कंबर धरली आहे. दांडे माझ्यासाठी फार खाली आहेत.

१३ डिसें., शनिवार
आज काय झालं ते लिहायला नको वाटतं.
समोरचे देवरावकाका सकाळी गेले. शिंपीकाम करत, माझ्या लग्नाचा कोट त्यांनी शिवलेला. मुलगा विनोद आला, दारातच थांबला. "दिगूभाऊ, बाबा गेले. लाकडं पाठवजा." एवढंच. आमच्याकडं मयतीचं लाकूड काट्यावर चढवत नाहीत, भाव बोलत नाहीत, आणि ते निघेपर्यंत दुसऱ्या गिऱ्हाइकाला ढलपी देत नाहीत. माझ्या बापापासूनची रीत.
मी हो म्हटलं आणि वळलो. वळल्यावर कळलं.
लांब लाकूड नव्हतं. चितेला पाच फुटी, सहा फुटी सरळ ओंडके लागतात, खाली आणि वर. फुटाच्या ढलप्यांनी चिता रचता येत नाही, त्या मधे भरायच्या. पूर्वेच्या भिंतीशी, विटांवर, लांब ओंडके कायम असत. ते मी कधी ठेवले नव्हते. शो. ठेवायची. नवीन माल उतरला की त्यातले चार-पाच सरळ बाजूला ओढायची, मधे मधे पलटवायची, म्हणून ते सुकलेले असत. मी नुसता पाठवायचा धनी. ते सगळे मशीनमधून काढून बसलो होतो. "जुनं पडलेलं" असं या वहीत लिहिलंसुद्धा आहे.
समोर माणसं जमत होती. गजानन म्हणाला, दुसऱ्या टालीवरून आणू काय. समोरच्या दाराचं मयत आणि लाकूड दुसऱ्याच्या टालीवरचं. नाही म्हटलं. टालीतल्या छपरीवर चढलो, टिनाचे पत्रे काढले, खालच्या लांब सरळ बल्ल्या सोडवल्या. र.भाई दुकान टाकून आला, काही न विचारता दुसऱ्या टोकाला धरलं. तीस वर्षं सुकलेल्या बल्ल्या. काकांना त्या पुरल्या.
विनोदनं सगळं पाहिलं. शो. ज्या छपरीखाली बसून पाणी प्यायची तिथं आता ऊन आहे.

१४ डिसें.
शो.ला फोन केला, काका गेल्याचं सांगायला. ती रडली. मग विचारलं, "लाकडं कोणती देल्ली?"
सांगावं लागलं. सगळंच.
"मशीन कवा आणली?"
वीस दिवस झाले.
"कोपऱ्यातलीबी फोडली?"
हो.
मग शांतपणे, "मंग आता समोरच्या मुठीले माणूस नाई लागत."
मी म्हणालो, तुझ्याचसाठी आणली. तुझ्या हातांसाठी. ती म्हणाली, "माह्यासाठी आणली न मलेच नाई सांगतलं." पाळण्यातून रडण्याचा आवाज आला, ती गेली.
खरंच, का नाही सांगितलं? आश्चर्य दाखवायचं होतं. पोरासारखा वागलो.

२१ डिसें.
तिचा फोन नाही. रूपा फोटो पाठवते. एका फोटोत शो.चा नुसता हात आहे, बाळाच्या पाठीखाली. घट्टे गेलेत. हात ओळखू येईना.
मला ती पाहिजे. कामाला नाही, नुसती घरात पाहिजे. चहा गाळताना भांड्याचा आवाज करते तो पाहिजे. हे इथं लिहिता येतं. फोनवर "जेवली काय" याच्यापुढं माझी गाडी जात नाही.

२८ डिसें.
कमरेमुळं बसता येईना. र.भाई म्हणाला, "स्टँड फूटभर वर उचलून देतो, अर्ध्या घंट्याचं काम हाय." नको म्हटलं. "मंग वाकतच राहा," म्हणाला. चहा पिताना परत: "भाऊ, तुमी भाभीले जे बोलाचं थे मले बोलता, लोखंडाले बोलता. भाभीले बोला न."
त्याला म्हटलं, तू तुझ्या बायकोला बोलतोस काय? "मले जरूरत नाई, थे सामने बसली असते."


१४ जाने., संक्रांत
बायका वाण घेऊन आल्या, दारावरून गेल्या. एकीनं विचारलंच, वहिनी आल्या नाहीत का अजून. अजून, हा शब्द फार लागतो.
फोन केला. तिळगूळ घ्या वगैरे झालं. मग ती म्हणाली, "लांब लाकडं जमवली काय?" म्हटलं, निंबाची चार आणली, विटांवर ठेवली. "निंब एकटा नका ठेवू. खाली बाभूळ पायजे." बरं म्हटलं. पाच मिनिटं लाकडांवरच बोललो. तिचा आवाज पहिल्यासारखा झाला होता. तेवढ्यात बोलायला हवं होतं, ये म्हणून. मी बाभळीचा भाव सांगत बसलो.

२० जाने.
रूपाचा फोन, औषधाच्या नावानं बाहेर येऊन केलेला.
"बाबा, आईला आठ दिवस पाठवते. माझी सुट्टी एक तारखेपर्यंत आहे, तोवर मी बाळाला बघते. दोन तारखेपासून मला जावं लागेल, म्हणून रविवारचं परतीचं तिकीट पण काढलंय."
म्हटलं, ठीक.
"ठीक काय बाबा? तुम्ही तिला एकदा तरी ये म्हणालात का? तिला वाटतं तुमचं मशीनवर भागतंय."
रूपाची सासू अंथरुणाला खिळलेली, बाळाला पाहायला दुसरं कोणी नाही, हे मला माहीत आहे. तरी मनात आलं की गाडी चुकावी. रविवारची.

२६ जाने., सोमवार
यवतमाळला पहाटेच जाऊन उभा राहिलो. ट्रॅव्हल्समधून उतरली, जरा भरली आहे, केस जास्त पांढरे. पिशवी मी घेतली. एस.टी.त नेरला घरी येईपर्यंत बाळाच्याच गोष्टी. मी ऐकत होतो आणि तिच्या कानातल्याकडं पाहत होतो.
टालीत शिरायच्या आधी समोर देवरावकाकांच्या घरी जाऊन बसून आली. मग उन्हात उभी राहून छपरीची जागा पाहिली. मग मशीन. मी बटण दाबलं. तिनं दोन्ही दांडे धरले. हात बरोबर बसले, ना वर ना खाली.
"तुमाले तं वाकाले लागत असन."
लागतं म्हटलं.
एक ओंडका फोडला तिनं. पाचर परत जाईपर्यंत हात काढले नाहीत. चांगली आहे म्हणाली. मग आत जाऊन डबे उघडून पाहू लागली, मी काय काय संपवलं ते.

२८ जाने., बुधवार
दोन दिवस घर भरलेलं. दुपारी रूपा फोनवर बाळ दाखवते, शो. हातातलं काम टाकून पळते. काल बाळ तिचा आवाज ऐकून रडायला लागलं, तर ही फोन ठेवल्यावर बराच वेळ ओट्याशी उभी होती. मी पाहिलं ते.
आज जेवताना बोललो. ठरवून नाही, भाकरी मोडता मोडता निघून गेलं. जाऊ नको म्हणालो. मशीन असो नसो, मला तुझ्याशिवाय इथं करमत नाही.
ती वाढत होती, हात थांबला. माझ्याकडं पाहिलं. डोळे भरले होते पण आवाज साधा होता.
"सव्वीस वर्षांत पयल्यांदा बोलले तुमी."
मी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.
"मले काय तिथं करमते? पण मंग रूपाले काय सांगू?"
तिनं माझ्या ताटात वरण वाढलं, स्वतःचं ताट घेऊन समोर बसली. दोघं जेवलो. आज बुधवार. गाडी रविवारची आहे.